कोंडलेला राग आणि रक्तदाब

लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं संचालकांची सभा चालू होती. विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर बोलत असतां एकानें त्यांचें म्हणणें खोडून काढलें. हंटर स्वभावानें मोठे तापट. छातींतील कळांनीं ते कित्येक वर्षें पीडलेले. आपले प्राण आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हातीं आहेत, असें ते म्हणत असत. त्या दिवशीं मात्र ते उलट बोलले नाहींत. संताप आवरीत शेजारच्या खोलींत गेले आणि तेथेंच कोसळून गतप्राण झाले. शवविच्छेदनांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. तेव्हां सारा दोष रागाच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

त्यांचा रक्तदाब किती चढला होता, हें कळण्यास मार्ग नाहीं. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याची रीत इटलींतील रीव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं काढली.

राग येतांच अॅड्रिनॅलिन रक्तांत उतरतें, हृदय जलद चालतें, बारीक रोहिण्या आकसतात आणि दाब चढतो. अंगावर धावून जाण्याची ही निसर्गाची तयारी! पण साहेबांपुढें उभा असलेला कारकून धावणार कोठें? तो ‘होय साहेब’ म्हणून घरीं येतो आणि रात्रीं अंथरुणावर तोच अपमान पुनःपुन्हां घोळवितो. दाब पुन्हां चढतो. पुरुषानें कुरकुरूं नये, ही शिकवणही त्याच्या पाठीशीं असतेच.

शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनीं १९३९ सालीं असें मत मांडलें कीं, सतत दडपलेला क्रोध कायमच्या उच्च रक्तदाबाच्या मुळाशीं असतो. मत आकर्षक खरें. पुढील पुरावा मात्र दोन्ही बाजूंनीं पडला. फिनलंडमध्यें रक्तदाब प्राकृत असलेल्या ५३७ पुरुषांची चार वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली. निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. राग आंत कोंडणाऱ्यांत हा विकार अधिक आढळला. पण आदळआपट करणाऱ्यांतही तो जवळजवळ तितकाच वाढलेला होता! तेव्हां ताटें आपटून प्रकृति सुधारेल, ही आशा व्यर्थ. राग ओसरल्यावर तक्रार शांतपणें, पण स्पष्ट शब्दांत मांडणें, हा मधला मार्ग उरतो.

शिवाय मीठ, स्थूलता, मद्य आणि आनुवंशिकता यांचा वाटा आहेच. शांत दिसणाऱ्या माणसाचाही दाब १४०/९० च्या वर असूं शकतो आणि त्याला त्याची वार्ताही नसते. तो मोजवून घेण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. भांडून आल्याबरोबर घेतलेला आंकडा डॉक्टर प्रमाण मानीत नाहींत.