पेजेची नोंद ठेवणारा मानवतावादी



स्वागत समितीच्या वतीने पणजीत आपले मनःपूर्वक स्वागत. युरोपातल्या प्रबोधनकाळावरची परिषद गोव्यात कशी, असे आम्हांला अनेकांनी विचारले. यजमान म्हणून उत्तर मी दिले पाहिजे.

सुरुवात युरोपातून करतो. १४४० साली इटलीतल्या लोरेन्झो व्हाल्ला या मानवतावाद्याने सम्राट कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे दाखवून दिले. पोपच्या राजकीय सत्तेला आधार म्हणून तो कागद पुढे केला जाई. मानवतावाद्यांनी जुन्या ग्रंथांवर जिवापाड प्रेम केले, आणि ते कसोशीने तपासलेही. या चळवळीतले मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

हीच तपासण्याची वृत्ती गोव्यातही दिसते. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. त्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातला रुआनो हा काल्पनिक पाहुणा गॅलन, डायोस्कोरिडीसचे दाखले देतो. ओर्ता त्या दाखल्यांपुढे स्वतः पाहिलेले मांडतो. हाक मारली की दासी अंतोनिया झाडपाला आणून समोर ठेवते. मोडशीच्या (पटकीच्या) प्रकरणात इथले लोक रोग्याला मिरी-जिरे घातलेली भाताची पेज देतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. ग्रीक आचार्यांच्या पंक्तीला आपल्या चुलीवरची पेज बसवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

ओर्ता मूळच्या ज्यू कुटुंबातला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याचीही हाडे उकरून जाळली. हा इतिहास याच भूमीवर घडला. तो टाळून पिको, इरॅस्मस, मोंतेन या युरोपीय मानवतावाद्यांची थोरवी गाणे आम्हांला अप्रामाणिक वाटले, म्हणून ओर्तासाठी स्वतंत्र सत्र ठेवले आहे. पणजीची नगरपालिका बाग त्याच्याच नावाची आहे. सवड काढून जरूर जाऊन या.

प्रत्येक निबंधानंतर चर्चेला निबंधाइतकाच वेळ राखून ठेवला आहे. तरुण अभ्यासकांनी व्यासपीठावरच्या ज्येष्ठांनाही पुरावा मागावा, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे.