निळ्या धुराचे निदान
लाखाहून अधिक किलोमीटर धावलेल्या पेट्रोल मोटारीची ओढ मंदावून सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, तर ते इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण असते. मात्र दोष नेमका कुठे, हे ठरविण्यापूर्वी इंजिन उघडणे हा निव्वळ अपव्यय होय. त्यासाठी स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक बसवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे वर सरकणाऱ्या पिस्टनमुळे आतील हवेवर येणारा दाब, मोजले जाते आणि दाब कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून तो पुन्हा तपासला जातो. ऑइलने फट तात्पुरती बुजून दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. दाब मुळातच ठीक असेल, तर व्हॉल्व्हचे कडक झालेले रबरी सील बदलूनही, सुदैवाने, बहुधा काम भागते.