हौसेचें मोल

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला ज्या गोष्टीची आवड, त्यानें तिच्यासाठीं वेंचलेल्या पैशाचा हिशोब दुसऱ्यानें मागूं नये, असा तिचा आशय. म्हण उदार आहे; पण अपुरीहि आहे. दुसऱ्यानें हिशोब मागितला नाहीं, तरी ज्याचें त्याचें मन तो मागतें. आणि बहुधा रात्रीं, कपाट उघडल्यावर मागतें. विमानें, रणगाडे, जहाजें यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति जुळविण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांना हा अनुभव चांगला परिचयाचा असतो.

या छंदाचें स्वरूप प्रथम सांगावयास हवें. पुठ्ठ्याच्या पेटींत प्लॅस्टिकच्या चौकटींना लागलेले शें-दीडशें सुटे भाग येतात. ते कापावयाचे, कानशीनें घांसावयाचे, चिकटवावयाचे, रंगवावयाचे, आणि शेवटीं पाण्यांत भिजवून सुटणारीं चिन्हें त्यांवर बसवावयाचीं. या पेटीला छांदिष्ट मंडळी ‘किट’ म्हणतात. १९३६ सालीं इंग्लंडमध्यें ‘फ्रॉग पेंग्विन’ या नांवानें १:७२ प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच निघाले. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूच्या सहा फुटांस प्रतिकृतींत एक इंच. पुढें १९५० नंतरच्या दशकांत एअरफिक्सचे लहान संच तेथील वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळूं लागले. खाऊचे पैसे सांठवून घेणाऱ्या मुलाला पहिला संच पुरा होईपर्यंत दुसऱ्याचे पैसे जमविणें कठीणच. खरेदीचा वेग आणि जुळणीचा वेग अशा रीतीनें फारसे दूर जात नसत.

नाशिककरांना या छंदाची ओढ लागण्यास विशेष कारण आहे. जवळच ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालीं स्थापन झाला. मिग-२१, पुढें मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० या जातींचीं विमानें तेथें तयार झालीं. देवळालीस तोफखान्याचें विद्यालय आहे. ज्या मुलखांत डोक्यावरून विमान गेलें म्हणजे पोरें गच्चीकडे धांवतात, तेथें कोणाला तेंच विमान आपल्या टेबलावर असावें असें वाटलें, तर नवल नाहीं. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १:७२ प्रमाणांत तो दहा सेंटिमीटरांहून किंचित् कमी भरतो, १:४८ मध्यें सुमारें पंधरा, तर १:३२ मध्यें बावीसांच्या वर.

मोहाचा उगम येथेंच आहे. लहान घेतला कीं मधला अधिक रेखीव वाटतो. मधला घेतला कीं मोठ्याची भव्यता खुणावते. आणि तिन्ही घेतले, तरी दुसऱ्या एखाद्या तुकडीच्या रंगांतील चौथा उरतोच. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगढ येथें मिग-२१ ला भारतीय हवाई दलानें निरोप दिला; १७ ऑक्टोबरला नाशिक येथें तयार झालेल्या तेजस मार्क-१ए नें पहिलें उड्डाण केलें. तीन आठवड्यांत दोन बातम्या, आणि छांदिष्टाच्या मनांत दोन नव्या इच्छा! त्यांत भर म्हणून खिशांतल्या मोबाइलवर दुकान चोवीस तास उघडें. सवलत आज मध्यरात्रींपर्यंत. शेवटचे दोनच नग शिल्लक. बोट टेंकतें, पैसे जातात, आणि चार दिवसांनीं पेटी दारांत येते.

किंमत वाढली तर हा मोह आटेल, असें कोणी म्हणेल. खेळणीं व प्रतिकृति यांवरील आयात-जकात २०२० सालीं शेंकडा २० वरून ६० आणि २०२३ सालीं ७० करण्यांत आली. पण महागाईचा परिणाम पुष्कळदां उलट होतो. उद्यां आणखी महागेल, पुन्हा मिळणार नाहीं, या भीतीनें आजच घेण्याची घाई सुटते. वस्तुतः सांचे बनविण्यास मोठा खर्च येत असल्यामुळें कारखानदार जुन्या सांच्यांतून तेच संच नव्या पेटींत पुन्हा पुन्हा काढीत असतात. जें ‘शेवटचें’ म्हणून घेतलें, तें चार वर्षांनीं पुनश्च बाजारांत दिसतें.

आतां हिशोब मांडून पाहावा. एक विमान नीट जुळवून रंगविण्यास तीस तास लागतात असें धरूं. नोकरी, संसार, पाहुणेरावळे यांतून आठवड्याला तीन तास निघाले, तर वर्षाचे दीडशेंच्या आसपास तास होतात. म्हणजे पांच विमानें. महिन्याला एक पेटी घेणाऱ्याच्या कपाटांत दर वर्षीं सात पेट्या न उघडलेल्या राहतात. साठ पेट्या सांठल्या, तर एकहि नवी न घेतां बारा वर्षांचें काम सांठलें. रुपये पुन्हा मिळवितां येतात. हीं बारा वर्षें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. पेटी विकत घेणारा मनाशीं तिच्याबरोबरचे निवांत तासहि घेत असतो. दुकानदार मात्र पेटी तेवढी देतो.

‘हा संग्रहच आहे, मग खंत कशाची?’ असा प्रश्न येथें निघेल. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जातांना वाटेंत अंजनेरी लागतें. तेथें १९८० सालीं स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन-संस्था आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंचें संग्रहालय आहे. नाणें काय किंवा केळकरांनीं जपलेला दिवा, अडकित्ता काय, संग्राहकाच्या हातीं येतांनाच ती वस्तु पुरी झालेली असते. तिला फक्त जपावयाचें आणि जाणावयाचें. संचाची गोष्ट तशी नाहीं. तो जुळेपर्यंत विमान नव्हे, विमानाचें वचन आहे. वचनांचा संग्रह करणाऱ्याला शेवटीं देणेकऱ्यासारखें वाटूं लागतें, तें याचसाठीं.

आणि हें वचन नासतें. पाण्यांत भिजवावयाचीं चिन्हें वर्षांनुवर्षें पडून राहिलीं कीं पिवळीं पडतात, त्यांना चिरा जातात. कांहीं संचांतील मऊ टायरांतलें तेलकट द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनला खातें. गोंदाची बाटली उन्हाळ्यांत आटते. रंग डबींत घट्ट होतो. जुळविणाराहि तसाच राहत नाहीं. डोळ्यांना चाळिशी लागते. तांदळाएवढा भाग चिमट्यांत धरतांना हात कांपतो. हाताला सराव हवा, तो केवळ पेट्यांकडे पाहून होत नाहीं. शिवाय साठ पेट्या समोर असल्या कीं कोणती उघडावी हेंच ठरत नाहीं. एकच असती, तर ती त्याच संध्याकाळीं उघडली असती. एके दिवशीं त्या उघडणारा दुसराच कोणी असतो, आणि त्याला त्यांतलें कांहीं कळत नाहीं.

यावर उपाय परदेशीं शोधावयास नको; तो महाराष्ट्राच्या अंगणांत आहे. दिवाळींत मुलें किल्ला करतात. दगड, विटा, जुनें गोणपाट, वर चिखलाचा लेप; उतारावर अळीव पेरावयाचे, म्हणजे चार दिवसांत हिरवळ उगवते. विकत आणावयाचे ते चार मावळे आणि सिंहासनावरील महाराज, तेहि किल्ला उभा राहिल्यावर. हीहि प्रतिकृतिच आहे. पण वसुबारस जवळ आली कीं तट पुरा झालाच पाहिजे, बुरूज वांकडा राहिला तरी चालेल. किल्ल्याला तिथि असते, म्हणून तो होतो. संचाला तिथि नसते, म्हणून तो राहतो.

छांदिष्टानें ही तिथि स्वतः नेमावी. एक पेटी निवडून टेबलावर मांडावी आणि ती अमुक सणापूर्वीं पुरी करावयाची असें घरांतल्या माणसांना सांगून ठेवावें. चारचौघांत दिलेला शब्द मोडणें जड जातें. नवी इच्छा झाली, तर ती वहींत लिहून महिनाभर तशीच राहूं द्यावी. महिन्यानंतर तिच्यांतल्या बहुतेकींचें नांवहि आठवत नाहीं. जें आपल्या हातून होणार नाहीं असें दिसतें, तें एखाद्या शाळकरी मुलाला द्यावें. त्याच्यापाशीं तास पुष्कळ असतात, पेट्या नसतात.

पहिलें विमान पुरें होईल तें कदाचित् सदोष असेल. सांध्यावर गोंदाचा डाग, एक चिन्ह तिरपें, पावसाळी हवेंत रंगविल्यामुळें चमक फिक्कट. तरी तें टेबलावर उभें राहील, आणि घरांतलें मूल विचारील, ‘हें ओझरचें का?’ कपाटांतल्या साठ पेट्यांनीं हा प्रश्न कधीं कोणाच्या तोंडून काढलेला नसतो.