मृगया आणि मेद

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो, तिच्यामुळे मेद झडतो, असा त्याचा दावा. विदूषकाचे सांधे मात्र त्याच मृगयेने निखळू पाहतात! अमेरिकेतील कोलोरॅडोच्या शिकाऱ्याला विदूषकच अधिक जवळचा वाटावा. तेथे मेद आधी झडवावा लागतो, मृगया मागाहून. वर्षभर कचेरीत बसलेला गृहस्थ शरदात ‘एल्क’ नावाच्या प्रचंड हरणामागे तीन हजार मीटर उंचीवर चढतो. हवा विरळ, पहाट गारठलेली. नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात. तो पडला की खरे कष्ट सुरू होतात, कारण मांस पाठीवरून वाहून आणायचे असते. अशा श्रमांत बैठ्या माणसाचे हृदय दगा देऊ शकते. म्हणून जाणते शिकारी वसंतातच तयारीला लागतात : आहारात माफक काटछाट, रोजचे चालणे, पुढे ओझ्यासह चढण. उपासतापास करून घाईने वजन उतरवणारा मेदाबरोबर स्नायूही गमावतो. उतरणीचा सराव मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आणि मांड्या भरून येतात त्या उतरतानाच. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने मृगया आता निषिद्ध आहे. तथापि पावसाळ्यानंतर राजगड उतरणाऱ्याचे गुडघे हीच तक्रार करतात.