तिशीतील विद्यार्थी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या प्रसंगी दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो, आणि तो सर्वथा योग्यच आहे. परंतु ज्याचा सत्कार कोणी करीत नाही असा एक विद्यार्थी ह्याच सभागृहात मागच्या रांगांत बसलेला आहे. त्याचे वय तिशीच्या आसपास आहे. त्याला बरी नोकरी आहे, कदाचित घरी लहान मूल आहे. आणि तरीही नोकरी सोडून व्यवस्थापनशास्त्र शिकावे, कामाची दिशा बदलावी, हा विचार त्याची पाठ सोडीत नाही. घरी तो ही गोष्ट काढीत नाही, कारण 'चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस?' हे उत्तर ठरलेले आहे. कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा ह्या विद्यार्थ्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. त्या वाटेने आम्ही स्वतः गेलो आहोत आणि पहिल्या खेपेस सपशेल आपटलो आहोत, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम वडीलधाऱ्यांची बाजू सांगितली पाहिजे. आपल्या मागील पिढीने एक नोकरी धरली आणि तीतूनच ती निवृत्त झाली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील घरोघरी हातची नोकरी जाणे म्हणजे काय हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी मुलांना 'मिळाली आहे ती सोडू नका' असे बजावले तर त्यात नवल ते काय? ती भीती अज्ञानातून आलेली नाही. ती अनुभवातून आलेली आहे. म्हणून तिची थट्टा न करता तिला आकड्यांनी आणि वस्तुस्थितीने उत्तर दिले पाहिजे.

व्यवस्थापन हा शाळेत शिकविण्याचा विषय आहे ही कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली ह्या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. आपल्याकडे कलकत्ता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या, आणि मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. ह्या संस्थांचा मुख्य अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तेथे विशीतील, नुकते पदवी घेतलेले वा एकदोन वर्षे नोकरी केलेले विद्यार्थी बहुसंख्येने जातात. काही वर्षे काम केलेल्या माणसासाठी निराळी सोय हवी हे पुढे ध्यानात आले. हैदराबाद येथे २००१ साली सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला; अहमदाबादच्या संस्थेने २००६ साली अनुभवी लोकांसाठी स्वतंत्र एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला.

हा भेद नीट समजून घ्यावा, कारण ह्याच जागी पुष्कळांची पहिली चूक होते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'कॅट' ही परीक्षा असते. ती वर्षातून एकदाच होते, आणि मुलाखतीस कोणास बोलवावयाचे हे ठरविताना अनेक संस्था दहावी-बारावीचे गुणही हिशेबात घेतात. पंधरा वर्षांपूर्वीचे ते गुण तिशीतल्या माणसास आता बदलता येत नाहीत. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना बहुधा 'जीमॅट' ही परीक्षा चालते. २०२४ पासून तिचे स्वरूप बदलले आहे. गणित, भाषा आणि माहितीचे आकलन असे पाऊणपाऊण तासाचे तीन भाग असतात. पूर्वीचा निबंध आता काढून टाकला आहे. आणि मिळालेले गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. म्हणजे नोकरी सांभाळून ही परीक्षा आधी देऊन ठेवता येते आणि घरच्या परिस्थितीस अनुकूल असे वर्ष पाहून अर्ज करता येतो. नोकरी करणाऱ्यास ही सवड लहान नव्हे.

परंतु परीक्षेने केवळ दार किलकिले होते. खरा कस लागतो तो अर्जातील लेखी निवेदनाचा, शिफारसपत्राचा आणि मुलाखतीचा. हे तिन्ही मिळून वस्तुतः एकच प्रश्न विचारतात: आजवर तुम्ही काय केले, आणि ते पुरे का पडत नाही?

येथे आमची गोष्ट सांगणे भाग आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आम्ही एका रंगाच्या कारखान्यात आठ वर्षे पाळी सांभाळीत होतो. पहिल्या अर्जात आम्ही त्या कारखान्याचे नावसुद्धा जेमतेम घेतले. आम्हांस वाटे की, भट्टी, गाळणी आणि ओला लगदा ह्यांच्या गोष्टी अशा मोठ्या संस्थेत कशा सांगाव्यात? म्हणून 'जागतिक नेतृत्व', 'दूरदृष्टी' असले शब्द जमवून आम्ही दोन पाने भरली. शिफारसीसाठी आप्तांपैकी एका बड्या अधिकाऱ्याचे पत्र घेतले. गुण चांगले होते म्हणून मुलाखतीस बोलावणे आले. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "गेल्या वर्षी तुमच्या कारखान्यातली सर्वांत महागडी चूक कोणती? आणि तीत तुमचा वाटा किती?" आम्ही गप्प राहिलो. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पण ते उत्तर देणारा माणूस आम्ही अर्जातून पुसून टाकला होता. महिन्याभराने नकार आला, आणि तो न्याय्यच होता.

ती चूक कोणती हे आता सांगतो. रंगाचा ओला लगदा वाळविणे, दळणे आणि त्याची छटा नमुन्याशी जुळविणे ह्यास आमच्याकडे सहा दिवस लागत. विक्री विभागाने एका जुन्या गिऱ्हाइकास चार दिवसांचा शब्द दिला. आमच्या पाळीने घाईने माल वाळविला, छटा बिघडली, सगळा माल परत आला आणि गिऱ्हाईकही गेले. सहा दिवस का लागतात हे विक्रीवाल्यांना ठाऊक नव्हते. चार दिवसांचा शब्द का द्यावा लागला हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्यातही माल पुरता वाळलेला नाही हे दिसत असूनही पुढे सोडण्याची सही आमची होती. भट्टीपासून गिऱ्हाइकापर्यंतची सगळी वाट ज्यास दिसते असे काम आपणांस करावयाचे आहे, ही ओढ आमच्या मनात त्या दिवसापासून होती. दुसऱ्या वर्षीच्या अर्जात आम्ही एवढेच लिहिले, आपल्या सहीसकट लिहिले. आणि प्रवेश मिळाला.

ह्यावरून आमचे असे मत बनले आहे की, वाट बदलणाऱ्याने पाटी पुसू नये. जुने काम हे त्याचे भांडवल आहे. शिक्षक असो, परिचारिका असो, स्थापत्य अभियंता असो, बँकेतला अधिकारी असो. ज्यास आपल्या कामातली अडचण नेमकी सांगता येते त्यास पुढे काय शिकावयाचे तेही सांगता येते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कामाचे स्वरूप, उद्योग आणि गाव ही तिन्ही एकदम बदलण्याचा हट्ट धरू नये. त्यांपैकी एखादे तरी ओळखीचे ठेवावे, म्हणजे नोकरी देणाऱ्यासही आपला जुना अनुभव उपयोगी पडतो. आम्ही रंगाचा धंदा सोडला नाही. फक्त भट्टीकडून गिऱ्हाइकाकडे आलो.

शिफारसपत्राविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. आपल्या ज्ञातीत मोठ्या हुद्द्यांवरची माणसे आहेत ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अर्ज करणारी मुले पत्रासाठी त्यांच्याकडे जातात आणि तीही प्रेमाने पत्र देतात. ह्या पत्राचा उपयोग होत नाही. संस्थेला ज्याने आपले काम रोज पाहिले त्याची साक्ष हवी असते. दुसऱ्या खेपेस आमचे पत्र आमच्या खात्याच्या व्यवस्थापकांनी लिहिले. 'तूच लिहून आण, मी सही करतो,' असे ते आधी म्हणाले. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. त्यांनी लिहिलेल्या पत्रात आम्ही लवकर चिडतो असेही लिहिले होते असे त्यांनीच मागाहून सांगितले. आमची खात्री आहे की, त्या एका ओळीमुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसला. पैसे घेऊन दुसऱ्याचे निवेदन लिहून देणारेही आज पुष्कळ आहेत. त्यांची भाषा सफाईदार असेल, पण मुलाखतीत त्या भाषेमागचा माणूस आपणांसच व्हावे लागते.

आता पैशाची गोष्ट. समजा, एकाचे वार्षिक वेतन १२ लाख आहे आणि शुल्क व राहणे मिळून ३५ लाख खर्च आहे. बुडालेले वेतन धरता त्या एका वर्षाची किंमत ४७ लाख होते. ३० लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले तर दरमहा सुमारे ३९,६०० रुपयांचा हप्ता येतो. म्हणजे नव्या नोकरीत वर्षाला पावणेपाच लाख अधिक मिळाले, तरी प्राप्तिकर बाजूला ठेवूनसुद्धा दहा वर्षे घरखर्चास पूर्वीइतकेच उरणार. ज्यास केवळ पगार वाढवावयाचा आहे त्याने हा हिशेब घरी सर्वांसमोर मांडावा. कित्येकदा जुन्या जागी बढती मिळविणे, किंवा नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्यास कामच बदलावयाचे आहे त्याने मात्र हा हिशेब पाहूनही पुढे जावे. पण पाहून जावे.

वडीलधाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. मुलगा किंवा सून असा बेत घेऊन आली तर 'का सोडतोस?' ह्या प्रश्नावर थांबू नका. 'तुला नेमके काय करावयाचे आहे?' हेही विचारा. मुलाखतीत हाच प्रश्न येणार आहे, आणि तो घरी आपुलकीने विचारला गेला तर उत्तराची पहिली तालीम घरीच होईल. सुनेच्या बाबतीत तर एका वर्षापुरते मूल कोण सांभाळणार हे आधी ठरवा आणि मग उपदेश करा.

मंडळासही एक सूचना. आपल्या शिष्यवृत्तीस पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती ज्या काळी घातली त्या काळी योग्य होती. तिशीतल्या विद्यार्थ्यास दान नको आहे. परीक्षा, अर्ज आणि पहिले काही महिने निभावण्यापुरती बिनव्याजी परतफेडीची रक्कम पुरे आहे. अशा निधीसाठी आमचा अल्पसा वाटा आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे दिला आहे. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसू. ज्यास आपले निवेदन दाखवावयाचे असेल त्याने यावे. आम्ही ते वाचू, प्रश्न विचारू; लिहून मात्र देणार नाही.

मागच्या रांगेतल्या आमच्या मित्रा, आज घरी जाताना एवढेच कर. तुझ्या कामातली गेल्या वर्षीची सर्वांत महागडी चूक एका कागदावर लिही आणि तीत तुझा वाटा किती तेही लिही. तो कागद घेऊन पहिल्या रविवारी ये.