पाच वर्षांनी बोलणारे झाड
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील माजी विद्यार्थिनीचे भाषण)



ज्या शाळेच्या बागेत मी पहिले रोप लावले, तिच्या हीरक महोत्सवात बोलताना मन भरून आले आहे. उद्यानविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी काशीला निघाले, तेव्हा घरात एकच प्रश्न होता : “एवढे शिकून शेवटी माळीणच होणार का?” आजही अनेक पालकांच्या मनात हा प्रश्न असेल. त्याचे उत्तर मला काशीतच मिळाले.

पंडित मालवीयांच्या पुढाकाराने १९१६ साली स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात मी शिकत होते. बनारसी लंगडा आंबा पिकला तरी सालीवर हिरवाच दिसतो. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र त्याची कोय पेरल्यास मातृवृक्षाच्याच गुणांचे झाड येईल, असा भरवसा नसतो. त्याची कुळी टिकते ती कलमामुळे. खुंट आणि कलमकाडी यांच्या अंतरसाली नेमक्या जुळवून घट्ट बांधाव्या लागतात, तेव्हा दोन जीव एक होतात.

सुट्टीत मी शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत काम शिकायला जात असे. एकदा माझ्या हातून दोन जातींच्या कलमकाड्या एकत्र झाल्या. पानांवरून, सालीवरून मी अंदाजाने त्या वेगळ्या करू लागले. तेथील वृद्ध माळीबाबांनी माझा हात धरला. “बिटिया, पेड़ पाँच बरस बाद बोलेगा,” एवढेच ते म्हणाले. ती सगळी जुडी मी स्वतः खताच्या खड्ड्यात टाकली. चूक माझी होती. पण फसला असता तो पाच वर्षे झाडाला पाणी घालणारा शेतकरी. मातृवृक्षांची नोंद आणि प्रत्येक वाफ्यावरची पाटी यांचे मोल मला त्या दिवशी कळले.

उद्यानरचनेतही हीच दूरदृष्टी लागते. हातभर रोप लावताना वीस वर्षांनंतरचा त्याचा विस्तार, मुळांची धाव, पाण्याचा निचरा आणि वैशाखातील उन्हाची दिशा डोळ्यांपुढे आणावी लागते. त्याच्या जोडीला मजुरी, खत, पाणी आणि मरतुकीचा हिशेबही चोख ठेवावा लागतो.

पालकहो, हे शिक्षण आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतही मिळते. मुलाला या वाटेने पाठवण्यापूर्वी एकच पाहा : फळासाठी पाच वर्षे थांबण्याची आणि चुकलेली जुडी स्वतःच्या हाताने टाकून देण्याची त्याची तयारी आहे का? असेल, तर त्याला निःशंक मनाने पाठवा.

घरच्या त्या प्रश्नाला आज मी आनंदाने ‘होय’ म्हणते. मी माळीणच झाले, आणि त्या कामासाठी मला एवढे सारे शिकावे लागले.