तारणकर्जाची थकबाकी आणि नोटिशीतील मुदती
(बालाघाट जिल्ह्यातील ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपणांपुढे जो विषय मांडावयाचा आहे तो घरोघरचा असूनही चारचौघांत फारसा बोलला जात नाही. कर्ज काढणे हा काही अपराध नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी करावयाची, वाराशिवनीस भातगिरणी काढावयाची, मुलीच्या शिक्षणाची सोय करावयाची, तर कर्ज हे आलेच. परंतु हप्ते थकले म्हणजे माणूस मान खाली घालून वावरू लागतो, आणि बँकेचे पत्र आले की ते न फोडताच कोनाड्यात ठेवून देतो. या सवयीविरुद्धच मला आज बोलावयाचे आहे. मी कला शाखेचा पदवीधर, कायद्याचा नव्हे. त्यामुळे कलमांची भाषा मलाही प्रथम जड गेली. तथापि एक गोष्ट तिच्यातून स्पष्ट दिसते. कायद्याने ऋणकोला जे हक्क दिले आहेत, ते जवळजवळ सर्व मुदतीने बांधलेले आहेत.

हे दुखणे जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे जी चौकशी झाली तीत असे आढळले की, सावकारांचे दावे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी निकालात निघत होते, कारण प्रतिवादी शेतकरी न्यायालयात हजरच होत नसे. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशावर अशी जबाबदारी टाकली की, शक्य तेथे प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यावी आणि नुसत्या खतावर न विसंबता व्यवहाराचा मुळापासून शोध घ्यावा. आपला बालाघाट जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. या मध्यप्रांताने १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा केला आणि त्यान्वये तडजोड मंडळे नेमली. त्या कायद्यातील एक तरतूद मला विशेष मार्मिक वाटते. मंडळाने मागणी करूनही ज्या सावकाराने आपल्या येण्याचे विवरण दिले नाही, त्याचे ते येणे फिटले असे समजले जाई. गप्प बसण्याची किंमत तेथे धनकोला मोजावी लागे!

ती मंडळे आता उरली नाहीत, आणि आज गप्प बसण्याची किंमत बहुधा ऋणकोलाच मोजावी लागते. बँकांना दिवाणी दावा न लावता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने मिळाला. लोक त्याला सरफेसी कायदा म्हणतात. हा कायदा मोठ्या शहरांतील कारखान्यांसाठी आहे, आपल्या सहकारी बँकेस तो लागू नाही, असा समज अनेकांच्या मनात होता. कोल्हापूर जिल्ह्यातील विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा तो समज संपला.

आता क्रम पाहू. साधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. धानासारख्या अल्पमुदतीच्या पिकासाठी घेतलेल्या कर्जास मात्र दोन पीकहंगामांची मुदत असते. खाते असे अनुत्पादक ठरल्यानंतर कलम १३ (२) ची नोटीस येते. तीत एकूण येणे किती आणि कोणत्या तारणावर बँकेचा रोख आहे, हे लिहिलेले असते, आणि रक्कम भरण्यास ६० दिवस दिलेले असतात. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या संमतीवाचून ते तारण विकणे किंवा भाड्याने देणे यास कायद्याची मनाई आहे. ‘जप्ती येण्यापूर्वी भावाच्या नावे करून टाकू’ हा सल्ला पारावर फुकट मिळतो; तो अंगलट येतो.

या ६० दिवसांत ऋणकोने काय करावे? उत्तर द्यावे, लेखी द्यावे, आणि पोच घ्यावी. आकडा चुकीचा असेल, भरलेला हप्ता जमा दाखविला नसेल, तारणात शेतजमीन धरली असेल, पुरामुळे पीक गेले असेल, तर ते कागदपत्रांसह मांडावे. बँकेला ही हरकत मान्य नसेल तर तिने १५ दिवसांत कारणे कळविली पाहिजेत. हा हक्क २००२ च्या मूळ कायद्यात नव्हता. मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २००४ रोजी दिलेल्या निर्णयानंतर तो कायद्यात आला. त्याच निर्णयाने, न्यायाधिकरणात दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अटही रद्द केली. इतक्या झगड्यातून मिळालेला हक्क एका साध्या अर्जाअभावी वाया जावा, हे खरोखर खेदाचे आहे.

साठ दिवस उलटले की बँक ताबा घेऊ शकते आणि त्यासाठी कलेक्टरांकडे अर्ज करू शकते. येथे अधिकारीबंधूंनी ग्रामस्थांना एक गोष्ट समजावून द्यावी, ती ही की कर्ज खरे की खोटे याचा निवाडा कलेक्टर करीत नाहीत. बँकेचे शपथपत्र व कागदपत्रे पाहून ते ताब्यासाठी साहाय्य देतात. त्यांच्या दालनापुढे गाऱ्हाणे घेऊन बसल्याने दिवस तेवढे जातात. बालाघाटच्या दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणण्याची वाटही कलम ३४ ने सामान्यतः बंद केली आहे. दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे जबलपूर येथील ऋण वसुली न्यायाधिकरण, आणि मुदत ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांची.

त्यानंतरची मुदत सर्वांत कठोर आहे. तारण सोडवून घेण्याचा हक्क लिलाव पूर्ण होईपर्यंत असतो, असे पुष्कळांना वाटते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसे राहिलेले नाही. मुंबईच्या बाफना मोटर्स या कंपनीचे उदाहरण घ्या. तिने युनियन बँकेकडे तारण ठेवलेल्या मालमत्तेस ३० जून २०२३ च्या लिलावात १०५ कोटी ५ लक्ष रुपयांची बोली आली. कंपनीने नंतर १२९ कोटी रुपये देऊ केले आणि उच्च न्यायालयाने ते मान्यही केले. परंतु २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली त्याच दिवशी तारण सोडविण्याचा हक्क संपला, असे न्यायालयाने ठरविले. अधिक पैसे हाती असूनही ते उशिरा आले, एवढ्याचसाठी मालमत्ता गेली. यास्तव मामाकडून, सोसायटीतून वा एखादा प्लॉट विकून रक्कम उभी करावयाची असेल, तर ती वर्तमानपत्रात लिलावाची नोटीस छापून येण्यापूर्वी उभी करावी.

शेतजमिनीसंबंधी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. कलम ३१ अन्वये शेतजमिनीचे तारण या कायद्याखाली ताब्यात घेता येत नाही. त्याचप्रमाणे येणे एक लक्ष रुपयांपेक्षा अधिक नसेल तरीही हा कायदा वापरता येत नाही. परंतु पटवाऱ्याच्या कागदावर ‘शेती’ लिहिले आहे एवढ्याने भागत नाही. गोव्यातील ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात हॉटेलाच्या आवारातील काही जमीन दप्तरी शेतजमीन होती. तीवर शेती होत नव्हती म्हणून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत नाकारली. ज्यांनी शेतात भातगिरणी वा गोदाम बांधले आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय शेतजमीन या कायद्यातून सुटली म्हणजे कर्ज सुटले, असे नव्हे. मध्यप्रदेशात १९८७ च्या लोकधन अधिनियमान्वये बँकेचे येणे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे तहसीलदारामार्फत वसूल होऊ शकते. सेवा सहकारी समितीची वसुली सहकारी कायद्याने होते.

गुरुजनहो, आपणांपैकी अनेकजण गावकऱ्यांच्या कर्जास जामीन राहिलेले असाल. सही करताना ‘नुसती औपचारिकता’ असे सांगण्यात येते. कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि आधी तारण विकून मगच जामीनदाराकडे यावे असे बंधन बँकेवर नाही. तेव्हा नोटिशीची प्रत आपल्याही नावे आली तर तीही फोडून वाचावी. गावात ज्यांना अक्षरओळख बेताची आहे त्यांची पत्रे वाचून, नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवण्याचे काम शिक्षकांइतके चोख दुसरे कोण करील?

दिवाणी न्यायालयाचे समन्स आल्यास तारखेस हजर राहावे. हुकूमनामा झाला तरी दिवाणी संहितेच्या कलम ६० ने नेसती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल व बियाणे यांना जप्तीतून संरक्षण दिले आहे. वसुली करणारा मनुष्य सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोनवर तगादा लावू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. तो मोडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी.

तडजोडीचा मार्ग सर्वांत बरा, असे माझे मत आहे. एकरकमी तडजोड हा मात्र हक्क नव्हे. ती हक्काने मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून किती भरू शकतो, केव्हा भरू शकतो, हे पीक, जनावरे आणि घरखर्च यांचा हिशेब मांडून प्रथम स्वतः ठरवावे आणि मगच शाखाधिकाऱ्यांकडे जावे. न पेलणारा आकडा कबूल करून पुन्हा चुकणे हे न बोलण्याहूनही वाईट. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आणि दावा आधीपासून न्यायालयात असल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या बांधवांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. बैहरच्या दुर्गम भागातील मंडळींनी १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

तडजोडीचा प्रत्येक शब्द लेखी घ्यावा, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. सर्व कर्ज फिटल्यावर मालमत्तेचे मूळ दस्तऐवज बँकेने ३० दिवसांत परत करावयाचे असतात. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ते दस्तऐवज हाती येईपर्यंत पावत्यांची फाईल जपून ठेवावी.